आवारातील झाडांची छाटणी चैत्रात नको!

एप्रिल उजाडला की शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत एक ठरलेले दृश्य दिसू लागते. पावसाळा तोंडावर आला आहे, झाडे वाढली आहेत, फांद्या गच्चीला आणि तारांना टेकल्या आहेत, याची आठवण कार्यकारिणीला होते. कोणाच्या तरी ओळखीचा माणूस कोयता आणि दोर घेऊन येतो आणि अंगावर घेतलेले काम दोन दिवसांत उरकून सगळी झाडे ‘साफ’ करून जातो. संध्याकाळी फाटकाजवळच्या ढिगाऱ्यात नुकतीच फुटलेली तांबूस, लुसलुशीत पालवी कोमेजत पडलेली असते. काम वेळेत झाले, असे समाधान सभासदांना लाभते. वास्तविक ते दोन-अडीच महिने उशिरा झालेले असते आणि बहुतेक वेळा कापही चुकीच्या जागी घेतलेला असतो.

हा प्रश्न चार हौशी बागप्रेमींपुरता मर्यादित नाही. मुंबई महापालिकेच्या २०१८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या वृक्षगणनेत शहरातील झाडांची संख्या २९ लाख ७५ हजार २८३ इतकी नोंदली गेली. त्यापैकी १५ लाख ६३ हजारांहून अधिक झाडे खासगी आवारांत होती. रस्त्यांच्या कडेची झाडे जेमतेम १ लाख ८५ हजार! म्हणजे शहराची सावली ज्यांच्यावर अवलंबून आहे ती निम्म्याहून अधिक झाडे महापालिकेच्या उद्यान खात्याच्या नव्हे, तर तुमच्या-आमच्या सोसायटीच्या सचिवाच्या हाती आहेत.

पालवीचा खर्च कोठून येतो?

आपल्याकडील वसंत हा युरोपातल्यासारखा बर्फ वितळून येणारा ऋतू नव्हे. तो कोरड्या दिवसांत येतो. माघ-फाल्गुनात म्हणजे शिशिरात पानगळ होते आणि पावसाचा थेंबही पडलेला नसताना, उन्हाचा कडाका वाढत असताना, कडुनिंब, करंज, पिंपळ यांसारखी झाडे नव्या पानांनी भरून जातात. गुढीपाडव्याला गुढीला बांधण्यासाठी कडुनिंबाची कोवळी डहाळी मिळते ती याच क्रमामुळे.

ही पाने तयार करण्यासाठी लागणारे अन्न त्या दिवसांत कोठून येते, हे समजून घेतले पाहिजे. पान गळण्यापूर्वी झाड त्यातील नत्रासारखी उपयुक्त द्रव्ये बऱ्याच अंशी परत खेचून घेते. वर्षभर तयार केलेली साखर पिष्टमय पदार्थाच्या रूपाने खोडाच्या, फांद्यांच्या आणि मुळांच्या लाकडात साठवलेली असते. नवी पालवी फुटते ती या गंगाजळीतून. कोवळे पान सुरुवातीला कमावते कमी आणि खर्चच अधिक करते. ते पुरेसे मोठे आणि गडद हिरवे झाले की मगच झाडाच्या खात्यात भर पडू लागते.

आता एप्रिल-मेमधील छाटणीचा हिशेब पाहा. झाडाने साठवलेले भांडवल नव्या पानांत गुंतवलेले असते आणि त्यातून परतफेड सुरू होण्याच्या सुमारासच ती पाने कापली जातात. पुन्हा पालवी फुटावी म्हणून झाडाला उरलेल्या साठ्याला हात घालावा लागतो, तोही वर्षातील सर्वांत तप्त दिवसांत. एरवी पानांच्या सावलीत राहणारी साल अचानक उन्हात उघडी पडते आणि करपते. शिवाय आवारातील सावली नेमकी वैशाखात नाहीशी होते, ते वेगळेच.

छाटणी करावयाची तर ती पानगळ होऊन डोळे फुगण्यापूर्वी, साधारणपणे जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करावी. त्या वेळी फांद्यांचा सांगाडा स्पष्ट दिसतो आणि पाने नसल्याने झाडाचे नुकसान कमी होते. जखम झाल्यानंतर लगेचच वाढीचा हंगाम सुरू होत असल्याने ती झाकली जाण्यासही वेग मिळतो.

याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. आंब्याला या दिवसांत मोहर असतो, त्यामुळे आंब्याची छाटणी फळे उतरल्यानंतरच करावी. पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. ती आधी छाटली तर त्या वर्षीचा फुलोरा गमवावा लागतो. बहावा आणि गुलमोहर यांच्या बाबतीतही वाळलेल्या आणि धोकादायक फांद्यांखेरीज अन्य फांद्यांना बहर ओसरेपर्यंत हात न लावणे श्रेयस्कर. शेवग्याच्या शेंगा उतरल्या की मग तो खुशाल खाली घ्यावा. त्याचे लाकूड इतके ठिसूळ असते की उंच वाढू दिलेला शेवगा वाऱ्यात मोडणारच.

वाळलेली फांदी आणि केवळ पाने गळलेली फांदी यांत शिशिरात गल्लत होते. त्यासाठी सोपी परीक्षा आहे. लहान डहाळीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवी ओल दिसली तर ती जिवंत आहे, तपकिरी कोरडेपणा दिसला तर मेलेली. पांढऱ्या चाफ्याला ही परीक्षा विशेष लावावी. शिशिरात त्याचे नुसते खुंट उभे राहतात आणि ‘वाळलेले झाड’ म्हणून तो दरवर्षी कोठे ना कोठे तोडला जातो.

काप कोठे घ्यावा?

छाटणीच्या वेळेइतकीच जागा महत्त्वाची. झाडाच्या जखमा आपल्या जखमांप्रमाणे भरून येत नाहीत. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी-आडवी चिरून त्यांतील कुजीचा अभ्यास केला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही गोष्ट स्पष्टपणे मांडली. झाड कुजलेला भाग दुरुस्त करीत नाही, तर त्याच्याभोवती आतून भिंत उभारून त्याला कोंडून टाकते आणि त्यावरून नवे लाकूड वाढवत नेते. ही भिंत सर्वांत भक्कम असते ती फांदी खोडाला जोडली जाते त्या जागी. तेथे सालीचे किंचित फुगीर, सुरकुतलेले कडे दिसते.

काप या कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा. कडेच छाटून खोडाशी सपाट काप घेतला, तर झाडाची संरक्षणाची जागाच नष्ट होते. उलट हात-दीड हात लांबीचा खुंट ठेवला, तर तो झाकला जात नाही, वाळतो, कुजतो आणि कूज हळूहळू खोडात उतरते. सोसायट्यांच्या आवारांत हा दुसरा प्रकार सर्रास आढळतो, कारण कोयत्याने काम करणाऱ्याला तोच सोयीचा पडतो. खुंटाच्या टोकाशी फुटव्यांचे झुबके येतात, दोन वर्षांत झाड पूर्ववत दाट दिसते आणि ‘पाहा, कसे फुटले!’ असे कौतुकही होते. मात्र हे फुटवे फांदीच्या आतल्या लाकडात रुजलेले नसतात, वरच्या थरालाच चिकटलेले असतात. खाली कुजणारा खुंट आणि वर जड होत जाणारा फुटवा, असा हा मामला असतो. चार-पाच वर्षांनी एखाद्या जुलैतील वादळी रात्री तो मोटारीवर किंवा माणसावर कोसळतो तेव्हा त्या जुन्या छाटणीची आठवण कोणालाही नसते.

मनगटापेक्षा जाड फांदी एका घावात तोडू नये. प्रथम खोडापासून फूटभर अंतरावर खालच्या बाजूने करवतीने थोडा काप घ्यावा. त्याच्या किंचित पुढे वरून कापून फांदीचे वजन उतरवावे आणि शेवटी उरलेला खुंट कड्याच्या बाहेरून अलगद काढावा. खालचा काप आधी घेतला नाही, तर पडणारी फांदी खोडाची साल हातभर सोलून नेते. कापलेल्या जागी डांबर वा तैलरंग फासण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. त्याने कूज थांबत नाही, हे शिगो यांच्याच प्रयोगांनी दाखवून दिले. फळझाडांवर बुरशीनाशक म्हणून बोर्डो पेस्ट लावतात, तो निराळा उपाय होय.

एका वर्षात झाडाचा पाव हिस्सादेखील पर्णसंभार काढण्याची वेळ सहसा येऊ नये. त्यातही केवळ इमारतीच्या बाजूच्या फांद्या उतरवून रस्त्याकडचा भार तसाच ठेवण्याची रीत धोक्याची आहे, कारण तोल गेलेले झाड भार असलेल्या बाजूलाच कलते. सर्वांत वाईट म्हणजे शेंडा उडवणे. हिरव्या झावळ्या उतरवून नारळाचा झाडू करणे हेही त्याच जातीचे. नारळाच्या वाळलेल्या झावळ्या आणि तयार फळे तेवढी उतरवावीत. तारांजवळचे काम वीज कंपनीला कळवून, प्रवाह बंद करूनच करावे. झाडावर चढणाऱ्याच्या कमरेला सुरक्षा पट्टा आहे की नाही, हे पाहणे ही काम देणाऱ्याचीही जबाबदारी आहे.

परवानगी आणि पाहणी

झाड आपल्या आवारात आहे म्हणजे ते आपल्या मर्जीचे, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी जागेतील झाडांनाही लागू आहे. ‘झाड तोडणे’ या शब्दप्रयोगात जाळणे, कापणे किंवा झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचाही समावेश होतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण दिले. साहजिकच छाटणीसाठीही वृक्ष प्राधिकरणाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. अर्ज, स्थळपाहणी, शुल्क या क्रमाला लागणारा काळ लक्षात घेता, फेब्रुवारीतील छाटणीचा अर्ज डिसेंबरमध्येच गेला पाहिजे. बहुतेक संस्था तो मार्चअखेरीस करतात आणि मग मे उजाडतो. चैत्र-वैशाखातील छाटणीचे खरे कारण अज्ञानापेक्षा या दिरंगाईत अधिक असावे.

अर्जाआधी सोसायटीने स्वतः एकदा प्रत्येक झाडाभोवती फेरी मारावी. खोडावर उभ्या भेगा आहेत काय, बुंध्याशी छत्रीसारखी बुरशी उगवली आहे काय, एका बाजूची जमीन उचललेली दिसते काय, झाड पूर्वीपेक्षा अधिक कलले आहे काय, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात फट पडली आहे काय, हे पाहून तारखेसह छायाचित्रे काढावीत. जुलै २०१७ मध्ये चेंबूर येथे नारळाचे झाड अंगावर कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. त्या झाडाबद्दल रहिवाशांनी आधीच तक्रार केली होती आणि तरीही ते उभे राहिले होते, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. वरून हिरवे दिसणारे झाड आतून पोकळ असू शकते आणि नुसत्या नजरेच्या पाहणीला ते नेहमीच कळते असे नाही. संशय आलेल्या झाडाची तज्ज्ञाकडून पुन्हा पाहणी मागावी, लेखी मागावी आणि त्याची पोच जपून ठेवावी.

फांद्यांपेक्षा मातीकडे पाहा

इतके सांगून झाल्यावर हेही नमूद केले पाहिजे की, वसंताआधी बहुतेक झाडांना छाटणीची गरजच नसते. त्यांना गरज असते ती बुंध्याभोवतीच्या मातीची आणि नेमकी तीच आपण त्यांच्यापासून हिरावून घेतली आहे.

मोटारी उभ्या करण्यासाठी आवारभर घातलेला सिमेंटचा थर किंवा फरशा खोडाला अगदी भिडवलेल्या असतात. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळे फार खोल नसतात. बहुतांश वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. वर सिमेंट आले की दोन्ही तुटते. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्या आवारात तेवढी जागा मोकळी करण्यासाठी लवादाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. फक्त हे काम पहारीचे घाव घालून करू नये. थर फोडताना मुळे तुटली तर उपाय अपायाहून वाईट ठरतो.

मोकळ्या केलेल्या जागेतील माती हाताने वा खुरप्याने वरवर, दोन-तीन इंच भुसभुशीत करावी. खोल खणणे टाळावे. त्यावर कुजलेल्या शेणखताचा किंवा पालापाचोळ्याच्या खताचा थर द्यावा, मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. जुन्या, वाढलेल्या झाडांना रासायनिक खताची आवश्यकता सहसा भासत नाही. त्यावर वाळक्या पानांचे तीन-चार इंच जाडीचे आच्छादन पसरावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. वीतभर जागा कोरडी ठेवावी, अन्यथा सालीशी सतत ओल राहून ती कुजते.

ही वाळकी पाने आवारातच गळत असतात आणि सकाळी सकाळी ती झाडून पेटवली जातात! २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा जाळण्यास मनाई केली आणि बागेतील कचरा वेगळा ठेवण्याचे बंधन घातले, तरी धुराचा वास अनेक वसाहतींच्या सकाळींना परिचित आहे. पानांतील जे काही झाडाला परत खेचता आले नाही ते मातीत परत जाण्याची ती एकमेव वाट असते. पुण्यातील ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमाने ज्यांच्याकडे पाने अधिक आहेत त्यांना पाने हवी असणाऱ्यांशी जोडून दिले. आवारात जागा नसल्यास असा मार्गही आहे.

पाणी खोडाच्या बुंध्यात ओतण्याची सवय सोडावी. झाडाच्या विस्ताराची कड जेथे संपते त्याच्या आसपास पाणी मुरले पाहिजे, कारण शोषणारी मुळे त्या भागात अधिक असतात. रोज बादलीभर शिंपडण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर, सावकाश मुरेल असे पाणी द्यावे. आंब्याचे मात्र तंत्र वेगळे. मोहर फुटण्यापूर्वी पाणी दिले तर मोहराऐवजी पालवी येण्याची शक्यता असते. फळे वाटाण्याएवढी झाली की मोठ्या झाडाला १५० ते २०० लिटर पाणी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा दिल्यास फळगळ कमी होते. कोकणातील बागायतदार हे करतात. बंगल्यातील आंब्याला ते कोणी सांगितलेले नसते. मोहरावर तुडतुडे आणि भुरी दिसली म्हणून आवारात सरसकट कीटकनाशक फवारणेही इष्ट नव्हे. परागीभवन करणाऱ्या माश्या-मधमाश्या त्याच मोहरावर असतात आणि शेजारच्या खिडक्यांत माणसे. भुरीपुरती पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी, तीही मोहर पूर्ण फुलण्याआधी, हा तुलनेने सौम्य उपाय आहे.

खोडाची तपासणी

आच्छादन घालताना खोडाकडे पाहावे. आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर आत भिरूड आहे असे समजावे. छिद्रात तारेचा आकडा घालून अळी बाहेर काढावी आणि छिद्र ओल्या मातीने बंद करावे. नारळाच्या नव्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या उघडत असतील तर गेंड्या भुंग्याचा उपद्रव असतो. खोडावरील वाळवीचे मातीचे पापुद्रे पाहून मात्र घाबरून जाऊ नये. वाळवी बहुधा मेलेली सालच खात असते. पापुद्रे खरवडून काढावेत आणि मूळची जखम कोठे आहे ते शोधावे. वर्षा वृक्षांच्या फांद्यांवर कापसासारखा पांढरा पुंजका आणि खालच्या पानांवर चिकट काजळी दिसल्यास तो पिठ्या ढेकूण होय. मुंबईतील अनेक जुने वर्षा वृक्ष गेल्या दशकात त्याच्या प्रादुर्भावात वाळले. बुंध्याशी सिमेंट आलेली, आधीच अशक्त झालेली झाडे अशा किडीला लवकर बळी पडतात.

मग उरते ते आपणच खोडात घातलेले सामान. पाट्यांचे खिळे, दिवाळीत गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा, कपडे वाळत घालण्याच्या तारा, कधीकाळी लावलेले लोखंडी पिंजरे. सालीच्या आतील पातळ जिवंत थरातून पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते. खोड जाड होत गेले की गुंडाळलेली तार हा थर आवळते आणि वरून हिरव्या दिसणाऱ्या झाडाची मुळे उपाशी राहतात. पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेने २०१८ मध्ये ‘खिळेमुक्त झाडे’ मोहीम सुरू केली आणि पुढे ती इतर शहरांत पोहोचली. खिळे उपसून काढता येतात, परंतु सालीत पूर्ण रुतलेली तार ओढू नये. दिसणारा भाग कापून ताण मोकळा करावा आणि आत गेलेली तार तशीच सोडावी.

गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांचा हा पहिला उन्हाळा असतो आणि बहुसंख्य रोपे वृक्षारोपणाच्या छायाचित्रानंतरच्या याच पहिल्या उन्हाळ्यात मरतात. त्यांच्या आधारकाठीची दोरी सैल करून आठाच्या आकड्यासारखी बांधावी, म्हणजे खोडाला थोडे हलता येते आणि ते जाड होते. रोपाशेजारी तळाला बारीक छिद्र पाडून वात बसवलेले मडके गळ्यापर्यंत पुरून दर तीन-चार दिवसांनी भरावे. सुटीत गावी जाणाऱ्या कुटुंबांनी ही जबाबदारी आधीच कोणावर तरी सोपवलेली बरी.

आणखी एक गोष्ट छाटणीची यादी करताना ध्यानात ठेवावी. माघापासून पुढे तांबट पक्षी वाळलेल्या, मऊ पडलेल्या फांद्यांत ढोली कोरू लागतो. दिवसभर चाललेली त्याची ‘टुक टुक’ शहरात सर्वांनी ऐकलेली असते, ती कोठून येते हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. ज्या वाळक्या फांदीखाली वाट, मोटार वा खेळण्याची जागा नाही, ती यादीतून वगळता येते. कापायचीच असेल तर करवत लावण्याआधी खालच्या बाजूला रुपयाच्या नाण्याहून किंचित मोठे, गोल, ताजे भोक आहे काय ते दुर्बिणीतून पाहावे आणि असल्यास त्या फांदीचे काम पावसाळ्यानंतर घ्यावे.